अंधाऱ्या खोलीतली पूर्व

आमच्या विभागप्रमुखांचं नाव मी इथं लिहिणार नाही. दया आली म्हणून नव्हे. नाव लिहिलं तर ते छापून येईल, आणि छापून येण्यासाठी त्या गृहस्थांनी आयुष्यभर इतक्या लटपटी केल्या की मेल्यावर तरी ती हौस माझ्या हातून पुरी व्हायला नको. आम्ही मुली त्यांना मागून 'महाराज' म्हणायचो, तेवढं इथं पुरे. वनस्पतिशास्त्राच्या तासाला महाराज आधी डोळे मिटून श्लोक म्हणत, मग कोटाच्या बाह्या सावरून झाडांच्या 'त्यागा'वर बोलत, आणि घंटा व्हायच्या बेतात असताना म्हणत, "बाकीचं पुस्तकात आहे." पुस्तकात होतंच. त्यासाठी महाराजांची काय गरज होती, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि पुढं धुळ्यात तोच विषय शिकवत म्हातारी झाले तरी कळलेलं नाही.

कॉलेजसाठी मी जळगावला नानांकडे राहत होते. नाना म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, केळीचे व्यापारी. बाबा धुळ्यात कचेरीत कारकून, त्यामुळं नानांच्या लेखी बाबा म्हणजे चुकून आपल्या घरात जन्मलेला माणूस. नाना उठत ते खाकरत, गुळण्या करत, आणि गुळण्या करता करताच कुणाला तरी दम देत. केळीचा घड नुसता पाहून वजन सांगतो अशी त्यांची ख्याती होती. ती ख्याती त्यांनी स्वतःच पसरवली होती, आणि काटा वेगळं सांगायला लागला की ते काट्यावर ओरडत. घर चालवत होती अक्का. बाबांची थोरली, नानांची धाकटी बहीण. लग्न होऊन गेली आणि नवरा गेल्यावर परत आली. तेव्हापासून तिचं खरं नाव कुणी घेतलं नाही, नानासुद्धा तिला अक्काच म्हणत. तिच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि पाट्यावर वाटलेला मिरचीचा ठेचा, त्यावर कच्चं तेल, एवढ्यासाठी मी त्या घरातलं बाकी सगळं सहन केलं. नाना तिच्या जेवणाला एकदाही बरं म्हणाले नाहीत. मीठ कमी पडलं की मात्र साऱ्या गल्लीला कळायचं.

त्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. महाराजांनी वर्गात सांगितलं की झाडांचे उजेडातून अन्न करायचे तीन प्रकार असतात, आणि लगेच स्वतःच त्यांचा विचका केला. गोष्ट अवघड नाही. गहू, कपाशी, आपली केळी, ही साध्या जुन्या पद्धतीनं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि उन्हात त्याची साखर करतात. ज्वारी, बाजरी, मका यांनी त्याच कामाला एक जास्तीचा पंप जोडलेला असतो. तो वायू आतल्या पेशींत दाबून भरतात, म्हणून आपल्याकडच्या भाजून काढणाऱ्या उन्हातही ती तरारून उभी असतात. आणि पानफुटी, कोरफड, निवडुंग ही मंडळी पाणी वाचवायला दिवसा पानांची भोकं बंद ठेवतात, रात्री उघडून वायू आत घेतात, आंबट करून साठवतात आणि दिवसा उजेड मिळाला की त्याची साखर करतात. महाराजांनी यातलं 'रात्री' एवढंच ऐकलेलं होतं. ते म्हणाले, "पानफुटी ही रात्री साधना करणारी वनस्पती. तिला अंधारात कोंडा, ती हिरवीगारच राहील. अंधार हाच तिचा दिवस!" वर्गानं ते लिहून घेतलं. मी हात वर करून विचारलं की मग तिला पानं हिरवी कशाला लागतात. महाराज हसले आणि म्हणाले, "मुलींनी फार तर्क करू नये, केस पिकतात." माझे केस आता पांढरेशुभ्र आहेत, आणि त्याचं कारण तर्क नव्हे, असली माणसं आहेत.

म्हणून मी तोच प्रकल्प घेतला. नानांनी भुसावळ रस्त्याला नवी वखार बांधली होती, त्यामुळं घरामागची केळी पिकवायची जुनी खोली रिकामी पडली होती. तिला खिडकी नव्हती, दार जाड फळ्यांचं, भिंती धुरानं काळ्या, आणि इतक्या वर्षांच्या पिकल्या केळ्यांचा एक गोडूस कुबट वास तिच्या जमिनीत मुरलेला. दाराच्या फटी मी गोणपाटानं बुजवल्या. गहू, ज्वारी आणि पानफुटीच्या कुंड्या आधी अंगणात उन्हात वाढवल्या आणि मग एकदम आत नेऊन ठेवल्या. जोडीला दोन थाळ्यांत माती घालून त्यात गव्हाचे आणि ज्वारीचे दाणे तिथं अंधारातच पेरले, नुसत्या दाण्याच्या शिदोरीवर रोप किती दिवस काढतं ते पाहायला. पाणी घालायला मी रोज सकाळी जायची, हिरवा कागद गुंडाळलेली बॅटरी घेऊन, कारण हिरवा उजेड झाडांच्या फारसा कामाचा नसतो. संध्याकाळी प्रॅक्टिकल आटोपून घरी येईपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असायची, मग तिकडं फिरकायची नाही.

आधी ज्वारी गेली. बाहेर असताना सगळ्यांत माजोरी तीच होती, आत नेल्यावर पानं टोकाकडून करपल्यासारखी झाली आणि बघता बघता ती आडवी पडली. गव्हानं जरा हिशेबानं घेतलं. खालची जुनी पानं पिवळी करत त्यांच्यातलं जे काही असेल ते त्यानं शेंड्याकडं ओढलं आणि स्वतःला खालून वर खात खात तो ज्वारीपेक्षा पुष्कळ टिकला. पानफुटी सगळ्यांत कंजूष निघाली. तिचा खर्चच कमी. एक पान गाळायचं, मग थांबायचं, परत एक पान. पण हिरवीगार ती राहिली नाही. मी रोज सकाळी तिच्या पानाचा कोपरा चावून बघायची. उन्हातल्या झाडाचं पान सकाळी चिंचेसारखं आंबट लागतं, कारण रात्रभर साठवलेलं सगळं त्यात असतं. अंधारातल्या पानाचा आंबटपणा सुरुवातीला होता, मग कमी होत गेला आणि शेवटी ते पान नुसतं पाणचट लागायला लागलं. रात्री भरायला लागणारी सामग्रीसुद्धा दिवसाच्या उजेडातूनच येत होती, आणि तो उजेड मी बंद केला होता. महाराजांच्या साधनेचं मला तिथं चवीनं उत्तर मिळालं. माझ्या दोन-चार कुंड्यांत हे असं झालं, यावरून जगाचा नियम काढू नये, एवढी अक्कल मला त्या वयातही होती. पण मी खूश होते, एखादी गोष्ट स्वतःच्या जिभेनं कळल्याची ती खुशी होती आणि ती तशी मला पुढं फार वेळा मिळाली नाही.

महाराज प्रयोग पाहायला आले ते जेवायच्या वेळी. नानांनी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून घेतली होती, म्हणजे अक्कानं धुरात डोळे चोळत भाजली होती, आणि नाना पाहुण्यांना सांगत होते की भरीत असं करायचं असतं. महाराजांनी भरीत-पुरी अशी हाणली की त्यागावर बोलणारा हाच का तो माणूस, असं मला वाटलं. हात पुसत ते खोलीत आले. मेलेली ज्वारी, पिवळा गहू, पानं गाळणारी पानफुटी, सगळं समोर होतं. त्यांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर गेली अंधारात पेरलेल्या त्या थाळ्यांवर. पांढुरके-पिवळे कोंब लांबच लांब वाढले होते आणि सगळेच्या सगळे एका बाजूला झुकले होते. ते कलल्याचं मी आदल्या सकाळीच पाहिलं होतं आणि थाळी तिरपी असेल, माती एका बाजूला ओली असेल, असं काहीबाही डोक्यात होतं.

"ही दिशा कुठली?" महाराजांनी विचारलं.

"पूर्व," नाना म्हणाले.

महाराजांनी कोट सावरला, डोळे मिटले आणि हात जोडले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "इंदू, तुला कळतंय का तू काय पाहतेयस? सूर्य नाही, प्रकाश नाही, आणि तरी हे जीव पूर्वेकडं वळलेत! सूर्याची ओढ रक्तात असते." झाडांना रक्त नसतं, हे वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुखांना सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात नानांचेही डोळे भरून आले. केळीचा भाव पडल्याखेरीज त्या डोळ्यांत पाणी मी कधी पाहिलं नव्हतं.

तिथून पुढं सगळं महाराजांच्या हातात गेलं. पुण्याच्या वनस्पतिशास्त्र विभागातले एक मोठे पाहुणे काही कामानं येणार होते, त्यांना ही खोली दाखवायची ठरली. मी एमएस्सीला पुण्याला जावं ही माझी एकुलती एक इच्छा होती, आणि बाबांची अट होती की सर म्हणाले तरच पाठवीन. महाराज आता आपणहून म्हणायला लागले, "पाहुण्यांना मीच सांगतो, या मुलीला घ्या म्हणून. फक्त तू त्यांच्यासमोर नीट बोल, पूर्वेचं." नानांनी बाजारात आधीच सांगून टाकलं होतं की आपल्या खोलीत शोध लागलाय. खोली बघायला येणाऱ्या अडत्यांची भाविक तोंडं बघवत नव्हती. ज्यांना गहू आणि सातू वेगळे ओळखता येत नाहीत तेही पूर्वेला हात जोडून जात होते.

मला मात्र झोप येईना. झाडाचा कोंब उजेडाकडं वळतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मग उजेड कुठून येतो? दाराची फट पूर्वेला नव्हती. मी सकाळी बॅटरीवरचा कागद काढला आणि पूर्वेची भिंत बघितली. तिथल्या कोनाड्यात तेलाचा ताजा डाग होता आणि वर काजळीची बोटभर रेघ. धुरकट भिंतीवर ती आधी दिसलीच नव्हती. मी तडक चुलीपाशी गेले.

"अक्का, तू त्या खोलीमा दिवा लावस का?"

"लावस नं, तिन्हीसांजले," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "धान पेरं नि दिवा नही, असं आपला घरमा कधी व्हयनं नही. तेल सरनं का उचली लेस, तुना प्रयोगले आडकाठी नको म्हनीसन."

तेल संपलं की ती दिवा उचलून न्यायची, म्हणून सकाळी मला तो कधी दिसलाच नव्हता. आमच्याकडं घटस्थापनेला परडीत गहू पेरतात, ते देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात, जितके पिवळे येतील तितकी शोभा, आणि शेजारी नऊ दिवस दिवा विझू देत नाहीत. अक्काच्या दृष्टीनं माझ्या थाळ्या म्हणजे घटच होता, आणि दिवा नसलेला घट तिला बघवला नाही. तेवढ्याशा दिव्यानं झाडाचं पोट भरत नाही, पण उजेड कुठं आहे हे कोंबाला बरोबर कळतं. मला राग यायला हवा होता. उलट मी इतक्या जोरात हसले की अक्काही हसायला लागली, कशाला हसतोय हे न कळताच.

नानांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "तोंडले कुलूप लाव, इंदू. आखा मार्केटमा मी सांगी टाकेल शे. दिव्याबिव्यानं नाव काढं तं सकायनी गाडी धर धुयानी." महाराजांना सांगायला गेले तर त्यांनी ऐकूनच घेतलं नाही, म्हणाले, "शंका हा साधनेतला अडथळा असतो." म्हणजे पुणं हवं असेल तर मी पाहुण्यांसमोर उभं राहून अक्काच्या दिव्याला सूर्याची ओढ म्हणायचं. मला पुणं हवं होतं. इतकं हवं होतं की पुण्याच्या गाडीची वेळ मला पाठ होती. पण असलं बोलून मिळणारं पुणं नको होतं, आणि महाराज तोंडावर पडलेले मात्र फार हवे होते. मी थाळ्यांत ताजे दाणे पेरले आणि अक्काला म्हटलं, "दिवा आते ह्या भीतकडे ठेव," आणि पश्चिमेचा कोनाडा दाखवला.

"कसाले वं?"

"देखूत काय व्हस."

"ठेवसू. दिवाले काय, कोठेबी चालस."

पाहुणे आले त्या दिवशी घरात पुरणाचे मांडे होते. अक्का सकाळपासून मांडे भाजायच्या खापरापुढं बसली होती. पाहुणे येणार म्हणून तिनं त्याआधी दोन्ही कोनाड्यांना चुना मारून घेतला होता, त्यांत काजळीचं नाव उरलं नव्हतं. महाराज पाहुण्यांना घेऊन पुढं, मागं नाना, नानांच्या मागं दोन-तीन व्यापारी, आणि दारात पदरानं हात पुसत अक्का. महाराजांनी प्रस्तावना केली, श्लोक झाला, मी बॅटरी लावली. कोंब पश्चिमेकडं लवून उभे होते.

मी महाराजांच्या तोंडाकडं बघत होते. क्षणभर ते तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी कोट सावरला आणि म्हणाले, "पाहिलंत? आता हे मावळत्या सूर्याला निरोप देतायत. सकाळी पूर्व, सायंकाळी पश्चिम! अंधारातसुद्धा पूर्ण परिक्रमा!" पाहुणे हळूहळू मान डोलवत म्हणाले, "विलक्षण आहे." तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. मूर्खाला खोटं पाडता येत नाही हे मला त्या खोलीत समजलं. आजही कुणीतरी निवृत्त अधिकारी मला मोबाईलवर 'झाडांनाही भक्ती कळते' असलं काही पाठवतो, खाली हात जोडलेली चित्रं असतात, आणि मला तो कोट दिसतो.

पाहुणे माझ्याकडं वळले. "मुली, तू सांग. हे कशामुळं?"

मी म्हटलं, "सर, इथं रोज संध्याकाळी दिवा लागतो. आधी या भिंतीला लागायचा, आता त्या भिंतीला लागतो. कोंब दिव्याकडं वळलेत. प्रयोग तो नव्हताच. प्रयोग त्या कुंड्यांमध्ये आहे, तिकडं अजून कुणी बघितलेलं नाही."

नानांच्या मानेची शीर टरारून फुगली. घरात दिवा कोण लावतं हे काय त्यांना विचारायला हवं होतं! ते दाराकडं वळले. "अक्का! तू दिवा लावस का आठे?"

अक्का मांड्याच्या पिठानं भरलेले हात तसेच धरून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग नानांकडं.

"नही," ती म्हणाली. "मी कसाले लावू?"

पाहुण्यांनी चष्मा पुसला. महाराजांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, मोठ्या मायेनं, सगळ्यांना सांगितलं की अभ्यासाच्या ताणानं मुलींचं असं होतं. मग सगळे मांडे खायला गेले. कुंड्यांकडं शेवटपर्यंत कुणीही बघितलं नाही. पुण्याला महाराजांनी वर्गातल्या एका मुलाला पाठवलं, त्यानं परिक्रमा आपण डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं होतं. त्या मुलाचं पुढं चांगलं झालं, होणारच होतं.

हे ऐकलेल्या प्रत्येकाला वाटतं की मी अक्कावर चिडून असेन. मला त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाची शिसारी आली, अजून येते, अक्का सोडून. नानांना घर होतं, महाराजांना पगार होता, पाहुण्यांना पुणं होतं. खरं बोलून त्यांचं काही जाणार नव्हतं, फार तर थोडी शोभा झाली असती. अक्कानं 'हो' म्हटलं असतं तर रात्री झोपायला तिला जागा नव्हती. बाबांच्या दोन खोल्यांत आम्हीच कसेबसे मावत होतो. मला हे तेव्हा, तिथंच, ती 'नही' म्हणत असतानाच कळलं होतं.

नानांनी सांगितल्याप्रमाणं मी दुसऱ्या दिवशी धुळ्याची गाडी धरली. परीक्षेपुरती येईन, एका मैत्रिणीकडं उतरेन, असं ठरवलं होतं. स्टँडवर खिडकीपाशी जागा मिळाली. एरंडोल, पारोळा असं कंडक्टर ओरडत होता, शेंगदाणेवाले, लिंबूपाणीवाले, सगळा कालवा. त्यात मला अक्का दिसली. ती कधी एकटी घराबाहेर पडत नसे. देवळात जाते असं सांगून आली होती. फडक्यात बांधलेल्या दशम्या तिनं खिडकीतून आत दिल्या आणि गज धरून उभी राहिली.

"इंदू, दिवा मीच लावा व्हता."

"माले म्हाईत शे, अक्का."

"तुले म्हाईत शे ते माले म्हाईत शे. पन माले ते मोठ्यानी सांगनं शे."

आणि तिनं ते सांगितलं. पदर डोक्यावरून खाली गेला तरी न सावरता, गजाला धरून, गळ्याच्या शिरा ताणून ती ओरडली, "दिवा मी लावा व्हता! मी! रोज लावा व्हता!" शेंगदाणेवाला थांबून बघायला लागला. कंडक्टरनं विचारलं, "काय व्हयनं, मावशी?" तिनं त्यालाही तेच सांगितलं. तो म्हणाला, "बरं बरं, बाजू व्हा," आणि त्यानं घंटी मारली.

गाडी हलली. मी मागं वळून पाहिलं तेव्हा ती शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईचा हात धरून तिला सांगत होती.